शनिवारवाड्यातला खून चित्रांत कसा सांगावा: कुमार वाचकांसाठी ऐतिहासिक गुन्ह्याची ग्राफिक नॉव्हेल तयार करण्याची पद्धत

३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर दुपारी, पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तेव्हा त्यांनी नुकतीच अठरा वर्षं पूर्ण केली होती. मराठी घरातल्या मुलांना ही घटना ‘काका, मला वाचवा’ या एका हाकेपुरती ठाऊक असते. त्यापुढचा भाग मात्र क्वचितच कुणी त्यांना सांगतं. पुतण्यानंतर सत्तेवर बसलेले काका रघुनाथराव यांच्याविरुद्ध न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी केलेला तपास, त्यांनी सांगितलेलं प्रायश्चित्त, त्यातून उभं राहिलेलं बारभाईंचं, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांचं, कारस्थान आणि अखेर इंग्रजांशी झालेलं युद्ध, हे सगळं त्या हाकेनंतरचं आहे. तेरा ते सोळा वयाच्या वाचकासाठी खऱ्या गुन्ह्याची चित्रकादंबरी करायची असेल तर मराठीत यापेक्षा चांगला विषय सहज सापडणार नाही. बळी पडलेला माणूस वाचकाच्याच वयाच्या आसपासचा आहे, जागा आजही पाहता येते, कागद उपलब्ध आहेत आणि ‘हे आपल्याला कशावरून कळलं’ हा प्रश्न पानोपानी उभा राहतो.

इथे ९६ पानांचं पुस्तक धरून पद्धत सांगितली आहे. दुसरा कुठलाही जुना गुन्हा घेतलात तरी क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी: पुस्तकाचा कणा तपास असू द्या

चित्र काढणाऱ्याला खुनाचा प्रसंग खुणावतो. तलवारी, धावपळ, देवघर, किंकाळी हे सगळं त्यात आहे. म्हणून बहुतेक पहिल्या आराखड्यांत अर्धं पुस्तक त्या अर्ध्या-पाऊण तासावर खर्च होतं आणि उरलेलं पुस्तक ‘मग पुढे असं झालं’ या थाटात उरकलं जातं. कुमार वाचकाला खून कुणी केला हे तिसऱ्या पानावरच कळलेलं असतं, कारण गारदी, म्हणजे भाडोत्री पायदळातले शिपाई, उघडपणे वाड्यात शिरले होते. उत्सुकता टिकते ती पुढच्या प्रश्नांवर: हुकूम कुणाचा होता, काय हुकूम होता आणि ते सिद्ध कसं करायचं?

म्हणून लिहायला बसण्याआधी एक प्रश्न एका वाक्यात लिहून समोर लावा. या पुस्तकासाठी तो असा असेल: ‘राज्य ज्याच्या हाती गेलं त्यालाच दोषी ठरवणं एका न्यायाधीशाला कसं जमलं?’ या प्रश्नाला हात न लावणारा प्रसंग कितीही देखणा असला तरी गाळायचा. पानिपताची आठवण, थोरल्या माधवरावांच्या मोहिमा, मराठा सरदारांचे आपापसातले हेवेदावे यांची चित्रं सुंदर होतील, पण पानं खातील.

दुसरी पायरी: साधनं जमवा आणि प्रत्येक विधानाला प्रत लावा

पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. त्यातले निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात ४५ भागांत छापून घेतले. सुरुवात त्या छापील भागांपासून करा, मूळ मोडी कागदांकडे नंतर वळा. सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या परंपरेतली छापील साधनं एकत्र पाहायला मिळतात. मोडी येत नसेल तर राज्य पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात. निदान चित्रकाराने तरी ते करावेत, म्हणजे पानावरचं मोडी अक्षर खोटं दिसणार नाही.

आता एक तक्ता करा. रकाने सहा: क्रमांक, विधान, साधन, पान, प्रत, आणि हे विधान कुठल्या चौकटीत आलं. प्रतीचे चार दर्जे पुरतात.

अ: त्याच काळातला कागद, म्हणजे पत्र, हिशेब, यादी.
ब: नंतर लिहिलेली हकीकत, म्हणजे बखर किंवा जुना इतिहासग्रंथ.
क: लोकपरंपरा.
ड: आपली कल्पना.

एवढ्या पुस्तकासाठी दीडशे-दोनशे नोंदी सहज होतात. कामाचा हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि पुस्तकाची किंमत इथेच ठरते. उदाहरण म्हणून तीन नोंदी घ्या.

रघुनाथरावांनी दिलेल्या हुकुमात ‘धरावे’ होतं आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, ही गोष्ट इंग्रज इतिहासकार ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या इतिहासात येते. म्हणजे घटनेनंतर अर्ध्या शतकाने. प्रत ब. अक्षर आनंदीबाईंनीच बदललं याबद्दल डफ स्वतः लोकसमजुतीचा हवाला देतो, म्हणून तेवढ्या भागाला प्रत क.

सुमेरसिंग गारदी अंगावर आल्यावर रघुनाथरावांनी पुतण्याला सोडून देण्याची विनवणी केली, पण आता माघार घेतली तर आपलाच जीव जाईल म्हणून सुमेरसिंगाने ऐकलं नाही, हीसुद्धा डफचीच हकीकत. प्रत ब. ती ‘क्रूर काका’च्या ठरीव चित्राला छेद देते, म्हणूनच ती ठेवायची.

‘काका, मला वाचवा’ हे नेमके शब्द आणि पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणारी हाक: प्रत क. शब्द वापरा, पण तो दर्जा वाचकाला दिसला पाहिजे.

दिसायचा कसा? चौकटीच्या रेषेवरून. अ आणि ब दर्जाला सरळ काळी रेघ, क दर्जाला तुटक रेघ, ड दर्जाला रेघच नाही, चित्राची कड कागदात विरलेली. पुस्तकाच्या चौथ्या पानावर ही खूण दोन ओळींत समजावून द्या आणि नंतर पुन्हा तिचा उल्लेख करू नका. मुलं ती चटकन पकडतात, आणि तपासाच्या भागात तुटक रेघा वाढायला लागल्या की पुरावा पातळ होतोय हे त्यांना न सांगता कळतं. एकदा ठरवलेला नियम एकाही चौकटीत मोडू नका. दिसायला बरं म्हणून एखाद्या पानावर रेघ काढून टाकली तर सगळी व्यवस्था कोसळते.

स्वामित्वहक्काचंही इथेच पाहून घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. सरदेसाई १९५९ साली वारले, त्यामुळे त्यांचं लेखन आता मुक्त आहे. हयात किंवा अलीकडे वारलेल्या अभ्यासकांच्या मजकुरातली माहिती घेता येते, वाक्यं घेता येत नाहीत. कादंबऱ्या-नाटकांतले संवाद तर चुकूनही येता कामा नयेत. आपल्या कानावर लहानपणापासून पडलेले कित्येक ‘ऐतिहासिक’ संवाद नाटककारांनी लिहिलेले असतात. म्हणून प्रत्येक परिचित वाक्याचं मूळ तपासा.

तिसरी पायरी: तारीख, तिथी, तास

३० ऑगस्ट १७७३ म्हणजे शके १६९५, विजय संवत्सर, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. अनंत चतुर्दशीचा आदला दिवस. त्या काळच्या कागदांत सुहूर सन असतो. तो इसवी सनात आणायला मृग नक्षत्र लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. या घटनेचं साल ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७४. ११७४ अधिक ५९९ बरोबर १७७३. हे गणित चुकलं की दोन कागदांचा क्रम उलटतो आणि कारण परिणामाच्या मागे जाऊन बसतं.

तिथीवरून प्रकाश ठरतो. हा खून दुपारचा आहे. जेवणानंतर नारायणराव विश्रांतीला गेले होते आणि गलका ऐकून जागे झाले. चित्रांत मात्र तो हटकून मशालींच्या उजेडात दाखवला जातो. दुपार ठेवा. सावल्या पायाशी, चौकात पांढरं ऊन किंवा भाद्रपदातलं मळभ. भर दिवसा, माणसांनी गजबजलेल्या वाड्यात हे घडलं ही गोष्ट अंधारापेक्षा जास्त अस्वस्थ करते. नंतरच्या रात्रीची दृश्यं काढताना त्रयोदशीचा चंद्र जवळजवळ पूर्ण असतो आणि मध्यरात्रीआधी माथ्याकडे येतो हे लक्षात ठेवा. पावसाळी ढगांतून झिरपणारा निळसर करडा उजेड योग्य, चांदण्यांनी भरलेलं काळं आकाश अयोग्य.

सगळ्या प्रसंगांची एक लांब कालपट्टी कागदावर काढून भिंतीला लावा. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला थोरल्या माधवरावांचा मृत्यू, सतरा वर्षांच्या नारायणरावांकडे पेशवेपद, रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत, ३० ऑगस्ट, त्यानंतरचे तपासाचे सुमारे सहा आठवडे, १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना मुलगा, ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह, १७८२ चा सालबाईचा तह. या नोंदींमधलं अंतर कागदावरही प्रमाणात ठेवा, म्हणजे पुस्तकातली गती कुठे वाढवायची आणि कुठे रेंगाळायचं ते दिसतं.

चौथी पायरी: १७७३ चा वाडा उभा करा

आज शनिवारवाड्यात तटबंदी, दरवाजे आणि जोती उरली आहेत. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग आठवडाभर धुमसत होती आणि आतलं लाकडी काम त्यात गेलं. त्यामुळे आज काढलेले फोटो जसेच्या तसे गिरवले तर चित्रात अवशेष येतील, वाडा येणार नाही. जाग्यावर जाऊन फोटोऐवजी मापं घ्या: दिल्ली दरवाजाची उंची, त्यावरचे खिळे, पायऱ्यांची चढण, चौथऱ्यांची लांबी-रुंदी पावलांनी. त्यावरून साधा आराखडा काढा आणि पुठ्ठ्याचं किंवा संगणकावरचं एक ओबडधोबड त्रिमितीय प्रारूप करा. दालनं नेमकी कुठे होती याबद्दल खात्री नसेल तिथे प्रारूपात वेगळा रंग द्या. कुणी कुठून कुठे धावलं हे एकदा ठरलं की सगळ्या चौकटींत दिशा एकच राहते. पळणारा माणूस एका चौकटीत डावीकडे आणि पुढच्या चौकटीत कारण नसताना उजवीकडे गेला, तर वाचक हरवतो.

लागू न पडणाऱ्या गोष्टींची यादी चित्रकाराच्या टेबलावर असू द्या. हजारी कारंजे नको, ते नंतर सवाई माधवरावांसाठी झालं. वाड्यासमोरचा बाजीरावांचा पुतळा नको. रस्त्यावर मांडवातले सार्वजनिक गणपती नकोत, ती प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातली आहे. उत्सव होता तो वाड्यातला, गणपती रंगमहालातला. आज लग्नात घालतात ती पुणेरी पगडी नको. चहाचे पेले नकोत. खुर्च्या-टेबलं नकोत, बैठक गादी-तक्क्यांची, लिहिणं मांडीवर किंवा बैठ्या मेजावर. टाक बोरूचा, कागद हातबनावटीचा, लांबट पट्टीसारखा. वर ‘श्री’, शेवटी ‘मोर्तब सुद’ आणि शिक्का. मोडी मजकुरात विरामचिन्हं नसतात आणि शब्दही एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून चिठ्ठी दाखवताना आधुनिक टंक तिरका करून चालत नाही. जाणकाराकडून हाताने लिहून घ्या.

वेश आणि चेहऱ्यांसाठी ब्रिटिश चित्रकार जेम्स वेल्सने १७९०च्या दशकात पुण्यात केलेली चित्रं आणि गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराची रेखाटनं उपयोगी आहेत. दोन्ही घटनेनंतर सुमारे वीस वर्षांची आहेत. बैठक, अंगरखे आणि दागिने यांसाठी त्यांच्यावर विसंबता येईल, पण नाना फडणवीसांचा चेहरा घेताना वय वीस वर्षांनी कमी करा.

पाचवी पायरी: पानांचं गणित

छापखाना फर्म्यात मोजतो. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर ९६ पानं म्हणजे सहा फर्मे. शंभर पानं केलीत तर चार पानांसाठी वेगळा तुकडा छापावा लागतो आणि खर्च उगाच वाढतो. वाटणी अशी करा:

सुरुवातीची पानं, नकाशा आणि रेघांची खूण: १ ते ४
थेऊर आणि वारसा: ५ ते १२
१७७३ चा उन्हाळा-पावसाळा, नजरकैद, गारद्यांचा थकलेला पगार: १३ ते २२
तो दिवस: २३ ते ३६
तपास: ३७ ते ६६
प्रायश्चित्त, रामशास्त्रींचं जाणं, बारभाई: ६७ ते ७८
पुरंदर आणि पुढचं: ७९ ते ८४
पुरावा-विभाग: ८५ ते ९६

तपासाला तीस पानं आणि खुनाच्या दिवसाला चौदा, हे प्रमाण सोडू नका. प्रकाशक दबाव आणतील तो इथेच.

पानाला सरासरी पाच चौकटी ठेवा, कमाल आठ. विषम पान उजवीकडे येतं, सम पान डावीकडे. वाचकाला दचकवायचं असेल तर ती चौकट सम पानावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात. म्हणजे पान उलटल्याशिवाय ती दिसत नाही. उजव्या पानावर ठेवलेलं गुपित नजरेच्या कोपऱ्यातून आधीच फुटतं.

सहावी पायरी: संहिता

संहिता चित्रकाराला पुरेल इतकी नेमकी हवी आणि त्याचे हात बांधणारी नको. एक पान नमुन्याला.

पान २७ (उजवं). पाच चौकटी. रेघ: काळी, चौकट ५ रेघेविना.
चौकट १, पूर्ण रुंदी. वाड्याचं पटांगण वरून. सकाळ, लांब सावल्या. गारद्यांचे घोळके, शिस्त विस्कटलेली. मजकूरपट्टी: ‘सोमवार, सकाळ.’
चौकट २. नारायणराव आणि हरिपंत फडके, कमरेपासून वर. नारायणराव: ‘आंग्रे सावध राहायला सांगत होते.’
चौकट ३. हरिपंतांचा चेहरा, शांत. ‘बंदोबस्त करतो, श्रीमंत.’
चौकट ४. रिकामी बैठक, ऊन सरकलेलं. मजकूरपट्टी: ‘हरिपंत एका स्नेह्याकडे जेवायला गेले.’
चौकट ५. उंबरठा. अनेक पावलं, चेहरा एकही नाही. संवाद नाही.
तक्त्यातल्या नोंदी: ५८, ५९, ६१.

शेवटची ओळ विसरू नका. प्रत्येक पानाच्या संहितेखाली तक्त्यातले क्रमांक असले की संपादक, चित्रकार आणि नंतर शंका घेणारा शिक्षक यांना उत्तर मिळतं.

संवाद कल्पित असणार, हे अटळ आहे. ते छोटे ठेवा. एका फुग्यात पंधरा ते अठरा शब्द, एका चौकटीत तीन फुगे, एका पानात एकूण सव्वाशे शब्द ही वरची मर्यादा. भाषा आजची साधी मराठी, संबोधनं त्या काळची: पेशव्यांना ‘श्रीमंत’, रघुनाथरावांना ‘दादासाहेब’, प्रभुण्यांना ‘शास्त्रीबुवा’. ‘जाहले’, ‘करोन’, ‘तैसेच’ अशी बखरीची झूल सगळ्यांच्या तोंडी घातली की तेरा वर्षांचा वाचक दहाव्या पानावर पुस्तक मिटतो. बखरीची भाषा प्रत्यक्ष कागद दाखवाल तिथेच येऊ द्या आणि खाली आजच्या मराठीत अर्थ द्या.

तपासाची तीस पानं हलती ठेवणं हे सगळ्यात कठीण काम. १७७३ साली बोटांचे ठसे नव्हते, शवविच्छेदन नव्हतं. होत्या त्या साक्षी, शपथा, शिक्के आणि कागद. प्रत्येक साक्ष वेगळ्या रंगछटेत काढा आणि तोच क्षण त्या साक्षीदाराच्या जागेवरून दाखवा. नारायणरावांना वाचवायला अंगावर पडलेला चापाजी टिळेकर एका साक्षीत मध्यभागी असेल, दुसऱ्या साक्षीत दारातून फक्त त्याची पाठ दिसेल. कटातल्या तुळाजी पवाराचा हात एका चौकटीत आहे आणि दुसरीत नाही, हे वाचकाने पान मागे उलटून पाहावं, अशी रचना करा. कोणाची साक्ष कशी नोंदली गेली याचा कागद हाती नसेल तर त्या चौकटींना रेघ द्यायची नाही. तिथे आपण कल्पना करतोय हे मान्य करायचं.

रामशास्त्री आणि रघुनाथराव समोरासमोर येतात ते पान तपासाच्या शेवटी. देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणं सोडून वाईजवळच्या एका गावी निघून गेले. इथे भाषणबाजीचा मोह आवरा. शब्द जितके कमी, तितका हा प्रसंग भारी. दोन पानं मिळून एकच चित्र, मोठं दालन, दोन माणसं, एक फुगा पुरेसा आहे.

सातवी पायरी: हिंसा

या वाड्यात त्या दुपारी एकटे नारायणराव मेले नाहीत. नोकर-चाकरही मारले गेले. हे लपवायचं नाही आणि चघळायचंही नाही. शस्त्र आणि शरीर एकाच चौकटीत भिडताना दाखवू नका. आधीचा क्षण आणि नंतरचा क्षण दाखवा, मधली जागा दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीवर सोडा. उघड्या जखमा नाहीत. रक्तासाठी राखून ठेवलेला लाल रंग पुस्तकभर दुसऱ्या कशालाही वापरू नका, आणि रक्त म्हणूनही तो तीनच चौकटींत येऊ द्या. देवघरातली पडलेली समई, उलटलेलं ताम्हन, उंबऱ्यातलं उपरणं यांनी पुरेसं सांगता येतं. मेलेल्या नोकरांपैकी ज्यांची नावं साधनांत सापडतात ती पुरावा-विभागात द्या. राजघराण्याच्या गुन्ह्यात ही माणसं नेहमी पार्श्वभूमी होऊन जातात.

आठवी पायरी: दोष कुणाच्या माथी मारताय?

आनंदीबाईंना मराठी लोककथेने चेटकीण करून ठेवलं आहे. चित्रकार नकळत तिरके डोळे, काजळ आणि मागे सावली काढतो. पुराव्याचा दर्जा क असलेल्या गोष्टीवरून चेहरा रंगवायचा नाही. त्यांना तसंच काढा जसं कारभारी सखाराम बापू बोकिलांना किंवा हरिपंतांना काढाल. अक्षर बदलण्याचा प्रसंग तुटक रेघेत, एका हाताच्या चित्राने दाखवा, चेहरा नको. शेजारच्या पानावर मोडीतली दोन्ही अक्षरं मोठी काढून वाचकाला स्वतः बघू द्या: हा बदल बोरूच्या किती फटकाऱ्यांत शक्य आहे?

गारद्यांचं तसंच. गारदी म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीने कवायत शिकलेलं भाडोत्री पायदळ. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ ही प्रमुखांची नावंच सांगतात की त्यात निरनिराळ्या धर्मांचे लोक होते. सगळ्यांना एकाच धर्माच्या वेशात आणि एकाच छापाच्या चेहऱ्यात काढणं ही इतिहासाची चूक आहे आणि वर्गात बसलेल्या मुलांवर अन्याय आहे. कटात वाड्यातलीच माणसं होती आणि पैशाचा व्यवहार होता, हे ठळक दिसू द्या.

शंभर वर्षांच्या आतला गुन्हा निवडलात तर वंशज हयात असतात. अल्पवयीन व्यक्तीची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे, आणि लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने. असा विषय वकिलाला दाखवल्याशिवाय हातात घेऊ नका.

नववी पायरी: चित्रं आणि अक्षरं

छापील आकार सव्वासात बाय साडेनऊ इंच धरला तर मूळ चित्र दीडपट काढा. ते ए-थ्री कागदावर बसतं. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारी चित्राची जादा कड), कडेपासून १० मिलिमीटर आत सगळा मजकूर, शिवणीच्या बाजूला १५. आधी अख्ख्या पुस्तकाचे थंबनेल, म्हणजे पानांचे छोटे कच्चे आराखडे, काढा, एका ए-फोर कागदावर आठ पानं. त्यात गती बसली नाही तर पुढची कारागिरी वाया जाते. एका चित्रकाराला पेन्सिल, शाई आणि रंग मिळून पानाला अडीच दिवस धरले तर ८० पानांना दोनशे दिवस लागतात. करारात तेवढा वेळ लिहून घ्या. रेखाचित्र ६०० डीपीआय, रंगीत पान ३०० डीपीआय.

देवनागरीला उभी जागा जास्त लागते. वर वेलांटी-मात्रा-रफार, खाली उकार आणि जोडाक्षरं. ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.३ ते १.४ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. आकार साडेनऊ-दहा पॉइंट. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका. मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात, म्हणून फुगे गोलापेक्षा आडवे, लंबगोल करा, आणि जागा पेन्सिलच्या वेळीच राखा. नंतर ‘कुठेतरी बसवू’ म्हटलं की फुगा नेमका हातावर किंवा चेहऱ्यावर येतो. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी हे मुक्त परवान्याचे युनिकोड टंक आहेत. अ‍ॅडोबीच्या प्रोग्रॅममध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात काम केलं तर पुढे ई-पुस्तक करताना सगळा मजकूर परत टाइप करावा लागतो. ध्वनिशब्द मात्र हाताने काढा. टंकातला ‘धाड्’ चित्रावर चिकटवल्यासारखा दिसतो.

दहावी पायरी: वाचून घ्या, मग छापा

रंग भरण्याआधी, शाईची पानं फोटोकॉपी करून आठ-दहा मुलांना द्या. निम्मी मुलं या इतिहासाची अजिबात ओळख नसलेली असावीत. ‘आवडलं का’ असं विचारू नका. वाचून झाल्यावर तीन गोष्टी लिहायला सांगा: हुकूम कुणी दिला असं तुला वाटतं, कशावरून, आणि कोणत्या पानावर गोंधळ झाला. ‘कशावरून’च्या उत्तरात पान क्रमांक येत असतील तर तपासाची रचना बसली. सगळ्यांनी एकच उत्तर पुराव्याशिवाय दिलं असेल तर चेहऱ्यांनी किंवा रंगांनी आधीच निकाल लावलाय, ते शोधून दुरुस्त करा. एक वेगळी प्रत पेशवाईच्या अभ्यासकाला द्या आणि त्याच्याकडून चुका पान-चौकट क्रमांकानिशी लेखी घ्या.

शेवटच्या बारा पानांत तक्त्यातल्या महत्त्वाच्या नोंदी, वाड्याचा आराखडा, व्यक्तींची ओळख, तारखांची पट्टी आणि वादाचे मुद्दे द्या. रघुनाथरावांना प्रत्यक्ष शिक्षा झाली नाही, ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि त्यातून सात वर्षांचं युद्ध झालं, हे इथे दोन परिच्छेदांत सांगा. तुळाजी पवार आणि काही गारदी पुढे पकडले जाऊन मारले गेले. त्या शिक्षांची वर्णनं भयंकर आहेत आणि या पुस्तकाला त्यांची गरज नाही.

छपाईला आतला कागद १०० जीएसएम मॅपलिथो, मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड. मॅपलिथो शाई पितो आणि गडद रंग आणखी गडद होतात, म्हणून रात्रीची पानं पडद्यावर दिसतात त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के उजळ ठेवा. फुग्यांतला मजकूर फक्त काळ्या शाईत, चार रंगांच्या मिश्रणात नाही. मिश्रणात रंगांची जुळणी केसभर सरकली तरी बारीक मात्रा दुहेरी दिसतात. पूर्ण फर्मा छापण्याआधी दोन पानांची छापील चाचणी त्याच कागदावर मागा: एक भर दुपारचं, एक रात्रीचं. तुटक रेघा छपाईत अखंड होतात का तेही त्यावर तपासा. होत असतील तर तुकड्यांमधली फट दीड मिलिमीटरपर्यंत वाढवा. पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची पुरे. चुका कळवण्यासाठी पुस्तकात पत्ता द्या आणि आलेली प्रत्येक दुरुस्ती त्याच तक्त्यात, तारीख घालून, दुसऱ्या आवृत्तीसाठी नोंदवत राहा.